कोरियाच्या मुलीचे दोन हजार

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही कळलं नाही आणि पाचवीत जायचं राहूनच गेलं. अक्षरही धड नाही. हाताला विळीची, खवणीची सवय, पेनाची नाही. कोणाला दाखवायला मी हे लिहीत नाही, पण कागद कधी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, म्हणून सांगून ठेवते.

मी रत्नागिरीत चर्चच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, तिथेच राहते. नवरा गेला त्या वर्षी इथे आले, ती इथेच राहिले. मूलबाळ नाही. सगळे मला मावशी म्हणतात. वसतिगृहातल्या मुली, पाळकसाहेब, त्यांची बायको म्हणजे पाळकीणबाई, गॅसचा सिलिंडर आणणारा, सगळे. माझ्या एकुलत्या एक बहिणीलाही मूल झालं नाही, तेव्हा खरी मावशी मी कोणाचीच नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही. उपासनेला मी शेवटच्या बाकावर दाराजवळ बसते. गीत तोंडातल्या तोंडात म्हणते. कोणी काही विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच बाहेर पडतं. लोक म्हणतात मावशी शांत आहे. शांत वगैरे काही नाही, मला नुसती भीती वाटते.

मागच्या वर्षी जानेवारीत कोरियातून तरुण मुलामुलींचा एक गट आमच्याकडे आला. त्यांच्या चर्चने पाठवलेला. वसतिगृहाच्या चिऱ्याच्या भिंतींना रंग लावायचा, मुलींबरोबर खेळायचं, गाणी शिकवायची, संध्याकाळी प्रार्थना करायची, असं त्यांचं काम. त्यांच्याबरोबर एक मोठ्या बाई होत्या. त्या पूर्वी पुण्याला काही वर्षं राहिलेल्या, त्यामुळे त्यांना हिंदी चांगलं यायचं आणि मधूनमधून मराठीही. बाकी कोणाचं बोलणं आम्हाला कळत नसे.

ते येण्याच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांना बसवून घेतलं. पूर्वी एकदा दुसऱ्या देशाचे पाहुणे आले होते, तेव्हा मंडळीतल्या कोणीतरी त्यांच्याकडे मोबाइल मागितला होता. ती गोष्ट वरपर्यंत गेली आणि पाळकसाहेबांना ऐकून घ्यावं लागलं. म्हणून ते म्हणाले, "पाहुण्यांकडे कोणी काही मागायचं नाही. पैसा, घड्याळ, बूट, काही नाही. त्यांनी आपणहून दिलं तरी आधी मला विचारायचं." हे बोलताना ते सगळ्यांकडे बघत होते, पण मला वाटलं माझ्याकडेच बघतायत. मला नेहमी तसंच वाटतं.

पहिले दोन-तीन दिवस पाहुणे माझं जेवण नुसतं चिवडायचे. वरणात बरोबर आणलेली लाल मिरचीची चटणी कालवून घ्यायचे. मला वाईट वाटे, पण कोणाला काय सांगणार. मग त्यांच्यातल्या एका मुलीचं पोट बिघडलं. तिला मी उकड्या तांदळाची पेज करून दिली, वर थोडं मीठ आणि बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड. तिने वाटी दोन्ही हातांनी उचलली, पेज पिऊन टाकली आणि वाटीत बघत बसली. मोठ्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे आजारी माणसाला हेच देतात. तिला घर आठवलं."

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी सकाळी उठली की स्वयंपाकघरात यायची. चष्मा होता तिला, आणि केस भुवयांपर्यंत कापलेले. आपल्या लोकांतही ती कमीच बोलायची. हसली की तोंडावर हात धरायची. आली की पाट ओढून बसे आणि लसूण सोलायला घेई. मला ती इमो म्हणायची. मी मोठ्या बाईंना त्याचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "इमो म्हणजे आईची बहीण. आमच्याकडे जेवण करणाऱ्या बाईला तसंच म्हणतात."

म्हणजे तिथेही मावशीच.

मी भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायचे. मराठीतच. नवऱ्याचं सांगायचे, तो होडीवर जायचा तेव्हाचं, माझ्या गुडघ्याचं, कधी पाळकीणबाईंच्या कडक स्वभावाचंही. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगायची. मध्येच हळू व्हायची, मध्येच हसायची. एकीचं दुसरीला काही कळत नव्हतं. तरी खरं सांगते, एवढं मी आयुष्यात कोणाशी बोलले नसेन.

एका सकाळी पाळकीणबाईंनी मला मासळीसाठी आणि आठवड्याच्या बाजारासाठी दोन हजार रुपये दिले. पाहुण्यांना सुरमई खाऊ घालायची होती. मी जेटीवर गेले. होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि टोपल्यांभोवती मरणाची गर्दी. भाव ठरवला, पिशवीत हात घातला, तर पैशांचं पाकीट नाही. कोणी मारलं की वाकले तेव्हा पडलं, देव जाणे. मी तिथेच दोन-तीन फेऱ्या मारल्या, पायाखाली बघत. मासेवाली म्हणाली, "काय गो, घ्यायची काय नाय? हात लावून ठेवलास मघापासून." मी तशीच घरी आले.

पाळकीणबाईंना सांगितलं, सुरमई मिळाली नाही. मग हर्णैहून कोणीतरी आणून दिलेले कोळंबीचे सुके सोडे होते माझ्याकडे, त्यांचं कालवण केलं. पाहुण्यांनी पातेलं पुसून खाल्लं. मी मात्र मागच्या बाजूला भांडी घासायच्या दगडावर बसून पिशवी उलटी करकरून बघत होते, जणू पुन्हा उलटी केली की पाकीट पडेल. ती मुलगी भांडी ठेवायला आली आणि उभी राहिली. मी रिकामी पिशवी तिला दाखवली. बाजाराची पिशवी, माझा चेहरा, तिला काय समजायचं ते समजलं.

दुसऱ्या सकाळी ती एक पांढरं पाकीट घेऊन आली. दोन्ही हातांनी पुढे केलं, मान खाली घालून. आत पाचशेच्या चार नोटा. मी नको नको म्हटलं. तिने ते पोळपाटावर ठेवलं आणि लसूण सोलायला बसली.

मी ते घेतले. घेतले नसते तर बाजार आला नसता, आणि पैसे गेल्याचं पाळकीणबाईंना सांगावं लागलं असतं. ते तर मला जमलंच नसतं. पण घेतानाच मनाशी पक्कं केलं की हे उसने आहेत. ती जायच्या आत तिच्या हातात परत गेले पाहिजेत. एकदा विमानात बसली की कुठलं कोरिया आणि कुठली मी. आणि जर हे बाहेर पडलं तर लोक म्हणणार, सगळ्यांना बजावून सांगितलं तरी स्वयंपाकिणीने पाहुण्यांच्या पोरीकडून पैसे काढले.

मी उन्हाळ्यात आमसुलं करते. बाजारपेठेतला एक दुकानदार ती विकायला ठेवतो आणि विकली की पैसे देतो. त्याच्याकडे माझे राहिले होते. त्याच्या दुकानात रोज जाऊन उभी राहायचे. तो गिऱ्हाईक करत राहायचा आणि मी तशीच परत यायचे. पाहुणे जायच्या आदल्या दिवशी त्याची बायको दुकानात होती. ती म्हणाली, "अहो, ह्या रोज येऊन उभ्या राहतात, त्यांचं काय आहे ते द्या तरी." असे ते पैसे मिळाले.

मग तो शेवटचा दिवस उजाडला.

सकाळी पाहुणे भाट्याच्या किनाऱ्यावर शेवटची प्रार्थना करायला गेले. वसतिगृहाच्या मुलीही त्यांच्याबरोबर गेल्या. आवारात मी एकटीच उरले. पुढच्या आंब्याला मोहर आला होता, त्यावर माश्या गुणगुणत होत्या, तेवढाच आवाज. लसूण मी एकटीने सोलला. पाट रिकामा होता, तरी मी तो बाजूला केला नाही.

पैसे कसे द्यायचे याचा मी विचार करत होते. नोटा नुसत्या हातात ठेवणं बरं दिसत नाही. तिने दिलेलं पांढरं पाकीट तेलाने खराब झालं होतं. चर्चमध्ये दाराजवळ दानाची पाकिटं ठेवलेली असतात, पांढरी, वर छोटा क्रूस छापलेला. त्यातलं एक मी घेतलं. चार नोटा घातल्या आणि वर एक रुपयाचं नाणं. आपल्याकडे नुसती पुरी रक्कम पाकिटात घालत नाहीत, वर रुपया लागतो. लग्नात, बारशाला, वाढदिवसाला, सगळीकडे तसंच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट रीत पाळल्याचं बरं वाटलं.

पाहुणे परत आले ते आवराआवरीच्या गडबडीत. वसतिगृहाच्या हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या. जे न्यायचं नाही ते एका कोपऱ्यात जमा होऊ लागलं. मोजे, रंगाचे डाग पडलेले टी-शर्ट, अर्धे शाम्पू, टोप्या. पाळकसाहेब तिथे उभे राहून वाटत होते. मुली रांगेत हसत होत्या. एकीला मोठ्या मापाचे बूट मिळाले, ती ते घालून फटक फटक चालून दाखवत होती. ती चष्मेवाली सारखी कोणा ना कोणाबरोबर फोटो काढत होती. वसतिगृहाच्या मुली तिच्या दंडाला लटकल्या होत्या. मी दोनदा दारापर्यंत गेले, पदराखाली पाकीट धरून, आणि दोनदा परत आले. एवढ्या लोकांत मी काय म्हणणार होते?

दुपारी निरोपाची उपासना होती. पहिली घंटा झाली. मंडळी येऊ लागली. मी पायऱ्यांशी थांबले. ती जरा मागे राहिली होती, बुटाची नाडी बांधायला वाकलेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं, ती करायची तसंच.

"तुझे," मी म्हटलं.

तिने पाकीट घेतलं. वरच्या क्रूसाकडे बघितलं. आतलं नाणं बोटांनी चाचपलं. मग चर्चच्या दाराकडे हात करून माझ्याकडे प्रश्नासारखं बघितलं. मला वाटलं, आत येतेस ना, असं विचारते आहे. मी मान हलवली. तिचा चेहरा खुलला. तिने वाकून नमस्कार केला आणि पळत आत गेली.

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. खूप दिवसांनी पाठ टेकून बसले. आता तिने लसूण सोलला, मी पेज दिली, एवढंच आमच्यामध्ये होतं. मला वाटत होतं, संध्याकाळी ती निघेल तेव्हा मी तिच्याकडे सरळ बघू शकेन.

पाहुण्यांनी आमचं एक मराठी गीत म्हटलं. वसतिगृहाच्या मुलींनी शिकवलेलं. ते 'प्रभू' म्हणायला गेले की दुसरंच काहीतरी व्हायचं आणि लहान मुली बाकाखाली तोंड लपवून हसायच्या. मग दानाचं ताट फिरलं. आमच्याकडे साधं दान नुसतं ताटात पडतं, पण उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायला, पाकिटात घालून दिलं तर पाळकसाहेब देणाऱ्याचं नाव वाचून प्रार्थना करतात. मोठ्या बाईंनी नंतर सांगितलं, त्यांच्याकडेही अगदी तसंच आहे.

पाळकसाहेबांनी एकेक पाकीट उचलून वाचलं. कोणाच्या नातवाचा वाढदिवस, कोणाला नोकरी लागली. मग त्यांनी एक पाकीट उचललं, चष्मा वर केला, आणि थांबले.

"आपल्या स्वयंपाकघरातल्या मावशींकडून," ते म्हणाले, "पाहुण्यांबद्दल उपकारस्तुती म्हणून, दोन हजार एक रुपये."

सगळं चर्च मागे वळलं. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि पाहुण्यांनी जोरात वाजवल्या. पुढच्या बाकावरून ती मुलगी माझ्याकडे वळून बघत होती, तोंडावर हात न धरता हसत. क्रूसाचं पाकीट, वर रुपया, उपासनेची वेळ. तिला वाटलं होतं की मी लाजाळू, माझं दान माझ्या हातून टाकवत नाही, म्हणून मी ते तिच्याकडे दिलं. आणि तिने मोठ्या बाईंकडून त्यावर माझं नाव लिहून घेतलं होतं, म्हणजे माझं श्रेय जाऊ नये.

माझ्या शेजारी मंडळीतली एक म्हातारी बसते. ती वाकून म्हणाली, "काय गो, आंब्याची बाग विकलीस काय?"

मी गीताचं पुस्तक उघडलं.

"आम्ही आपली दहाची नोट टाकतो," ती पलीकडचीला म्हणाली, "मावशी आपली गुपचूप सावकारीण."

पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. बायबलातल्या विधवेच्या दानाची गोष्ट सांगितली, जवळ होतं नव्हतं ते सगळं टाकणारीची. मी मान खाली घालून बसले होते, लोकांना वाटलं असेल नम्रपणे. ते पैसे आता देवाचे झाले होते. तिचं दोन हजारांचं देणं होतं तसंच माझ्या डोक्यावर राहिलं, आणि माझ्या खोलीत डब्यात शंभराची एक नोट होती. दिवस मावळायच्या आत त्यांची गाडी मुंबईच्या विमानतळाकडे निघणार होती.

उपासनेनंतर मी सरळ स्वयंपाकघरात गेले. पाहुण्यांना वाटेत खायला त्यांच्या पद्धतीच्या भाताच्या गुंडाळ्या करायच्या होत्या. समुद्रातल्या शेवाळाचे काळे कागद असतात त्यांच्याकडे, त्यात भात गुंडाळायचा. तिनेच मला शिकवलं होतं. मी भात पसरत होते तेवढ्यात पाळकीणबाई आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"मावशी, मी हिशेब मागत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमचा पगार मीच देते."

मी भात दाबत राहिले.

"कुठून आणलेत एवढे?"

"आमसुलांचे."

"सगळे टाकलेत? खोलीवरचे पत्रे बदलायचे म्हणून ठेवणार होतात ना तुम्ही?"

मग मला सांगावंच लागलं. भाताकडे बघत सांगितलं. जेटीवर पाकीट गेलं ते, तिने दिले ते.

"म्हणजे त्या दिवशी सुरमई मिळाली नाही म्हणालात..."

"सुरमई होती. पैसे नव्हते."

पाळकीणबाई पाटावर बसल्या. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

मला वाटलं, हो म्हणावं. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता.

"तुम्ही मागितलेत तिच्याकडे?"

"नाही."

"मला पटतं हो. पण बाहेर कळलं तर कोण विश्वास ठेवणार? साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"म्हणून तर परत केले," मी म्हटलं. "तिने ताटात टाकले."

पाळकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि त्या हसायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, त्यावर प्रार्थनासुद्धा झाली. आता ते परत कसे काढायचे? साहेबांना मी काय सांगू?"

"काढू नका."

"मग?"

"मला त्यांच्या मोठ्या बाईंशी बोलायचंय."

हे मी म्हटलं त्याचं मलाच नवल वाटलं. पाळकीणबाईंनी उरलेला भात आपल्याकडे ओढला. "जा. मी गुंडाळते. वाकड्या झाल्या तर बोलू नका मला."

बाहेर गाडीच्या टपावर बॅगा चढत होत्या. मोठ्या बाई खाली उभ्या राहून बोटाने दाखवत होत्या. मी त्यांच्या कोपराला हात लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. हिंदी अडलं तिथे मराठी. त्या आधी हसल्या, पाळकीणबाईंसारख्याच. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी त्या मुलीला हाक मारली.

ती ऐकता ऐकता लाल झाली. तोंडावर हात गेला. माझ्यापुढे वाकली, पुन्हा वाकली, आणि काहीतरी भराभर बोलू लागली.

"ती म्हणते तिची चूक झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण म्हणते, पैसे मिळाले. तिला देवाला द्यायचेच होते. आता सगळं फिटलं."

"नाही फिटलं," मी म्हटलं.

आजूबाजूचे दोघे-तिघे वळले. माझा आवाज मोठा झाला होता.

"तिला सांगा," मी म्हटलं, "ते दान माझ्या नावावर गेलं. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिच्या पैशावर मी टाळ्या घेणार नाही. तिचे राहिलेत."

मोठ्या बाईंनी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही, नको नको केलं नाही. मग हळूच काहीतरी म्हणाली.

"म्हणते, बरं. राहू देत. ती परत येईल तेव्हा द्या."

मी मान हलवली. तेवढ्यात पाळकीणबाई डबे घेऊन आल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, मुली रडायला लागल्या, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ती माझ्याजवळ आली, माझे हात हातात घेतले. तिच्या बोटांना लसणाचा वास होता का ते मला कळलं नाही, माझ्याच हातांना इतका होता. "इमो," ती म्हणाली. पुढे काय म्हणाली ते सांगायला मोठ्या बाई जवळ नव्हत्या.

गाडी गेटबाहेर वळली. मुली गेटपर्यंत धावल्या. मी तिथेच उभी राहिले, मग भांडी होती म्हणून आत आले.

दिवेलागणीला मुलींना भात वाढला. त्या नेहमीपेक्षा गप्प जेवल्या. एकीने नव्या टोपीसकट जेवायला बसण्याचा हट्ट धरला, तो मी चालू दिला. सगळं आवरलं आणि मी पाटाजवळ बसले. दुसऱ्या दिवशीचा लसूण सोलायला घेतला. बोलायची सवय झाली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीशी बोलणारी बाई म्हणून मुलींनी हसायला नको. त्या रात्रीपासून माझं बोलणं पुन्हा हो आणि नाही एवढंच झालं.

मंडळीत मात्र माझं नाव झालं. नाताळच्या वर्गणीला खजिनदार आले ते हसतच. "मावशी, यंदा तुमच्याकडून पाच हजारांच्या खाली घेणार नाही." मी शंभर दिले. त्यांनी नोट उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "बाकीचे गुप्तदान काय?" पाळकीणबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या मुकाट्याने." त्यांनी ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. साहेबांनाही नसावी, कारण ते अजून मधूनमधून उपदेशात माझा दाखला देतात आणि मी अजून मान खाली घालते.

वर्षभर मी पैसे बाजूला टाकत राहिले. आमसुलं जास्त केली, कुळथाचं पीठ करून विकलं. पत्रे त्याही पावसात तसेच राहिले, गळायचं तिथे पातेलं ठेवलं. कधीकधी पाळकीणबाई मोबाइल घेऊन यायच्या. मोठ्या बाईंचा मेसेज असायचा, खाली तिच्याकडून दोन ओळी. इमोचा गुडघा कसा आहे. माझ्या गुडघ्याचं मी तिला मराठीत सांगितलं होतं, भाकरी थापता थापता. ते तिला कसं कळलं, अजून मला समजत नाही. काय उत्तर लिहू, असं पाळकीणबाई विचारायच्या. मी म्हणायचे, बरा आहे लिहा. आणि तिचे पैसे आहेत म्हणून लिहा.

या जानेवारीत पुन्हा गट आला. मी गेटशी उभी होते. एकेक मूल उतरलं, मोठ्या बाई उतरल्या, ड्रायव्हरने दार ओढून घेतलं. तरी मी गाडीच्या काचेतून आत बघितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, तिला नोकरी लागली, सुट्टी मिळाली नाही. पुढच्या वर्षीचंही सांगता येत नाही. मी म्हटलं, चांगलं झालं नोकरी लागली. मग आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले.

नवीन मुलं चांगली होती. पेज प्यायली, सोडे खाल्ले. स्वयंपाकघरात कोणी बसलं नाही. त्यांना तरी का दोष द्यावा, तिथे धूर असतो.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी डबा काढला. एकदा मनात आलं, हजारच द्यावेत. हजार राहू द्यावेत. म्हणजे ती विचारेल, मीही कळवीन, तिचे आहेत म्हणून. मी दोन नोटा वेगळ्या काढून उशीखाली ठेवल्यासुद्धा. दुपारपर्यंत त्या तिथे होत्या. मग त्या वर्षभर झोपेत टोचतील असं वाटलं आणि परत घेतल्या.

मोठ्या बाई बॅग भरत होत्या. मी चारही नोटा त्यांच्या हातात दिल्या.

"तिचे," मी म्हटलं.

त्या नको म्हणाल्या नाहीत. "तिने सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "इमो देईल, तर घ्या. हे मी इथे खर्चीन. तिला तिकडचे तेवढेच देईन."

त्यांनी माझ्यासमोर एकेक नोट आपल्या भाषेत मोजली. हाना, तुल, सेत, नेत. मग म्हणाल्या, "पूर्ण आहेत." आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.